घरी सर्किट बोर्ड करताना तांबं वाचवायचं कसं?

गेल्या पावसाळ्यात माझी भाची रडवेल्या चेहऱ्याने घरी आली. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या हातात पोस्टकार्डाएवढा बोर्ड होता आणि त्यावरच्या तांब्याच्या रेषा उंदराने कुरतडल्यासारख्या जागोजागी तुटलेल्या. "मामा, ॲसिड खराब निघालं बहुतेक," ती म्हणाली. ॲसिडने आपलं काम चोख केलं होतं. बिघडलं होतं ते त्याच्या आधीचं काम. तांब्यावर जे कवच बसायला हवं होतं, ते नीट बसलंच नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशात बनावेत म्हणून २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातल्या यादीत पीसीबीचंही, म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्डाचंही, नाव आहे. तेव्हापासून बरेच जण विचारतात, हा पीसीबी म्हणजे चिपच ना? नाही. चिप हे एखादं घर धरलं, तर पीसीबी म्हणजे अशी अनेक घरं जोडणारे रस्ते. हे रस्ते कारखान्यात कसे आखतात ते समजायला अवघड वाटतं, पण तीच गोष्ट स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी करून पाहिली की लख्ख कळते. तिथेही सगळा खेळ त्या कवचाचाच असतो.

कोरा बोर्ड आणि रंगपंचमीचं तेल

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कोरा बोर्ड मागितला, की 'कॉपर क्लॅड' नावाची पाटी मिळते. काचतंतू आणि इपॉक्सीची साधारण १.६ मिलिमीटर जाड पाटी, आणि तिच्यावर घट्ट बसवलेला तांब्याचा पत्रा. हा पत्रा बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे हा पत्रा आपल्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीचा.

सुरुवातीला पाटीभर तांबंच असतं. आपल्याला त्यातल्या फक्त रेषा आणि टिकल्या हव्या असतात, म्हणजे ट्रॅक आणि पॅड. उरलेलं तांबं रसायनात विरघळवून टाकायचं, याला एचिंग म्हणतात. जे ठेवायचं त्यावर आधी कवच चढवायचं, ते कवच म्हणजे रेझिस्ट.

रंगपंचमीला खेळायला जाण्याआधी आई अंगाला खोबरेल तेल चोपडायची. तेल असेल तिथे रंग धरत नाही. रेझिस्टचं काम हेच आहे, फक्त इथे रंगाच्या जागी फेरिक क्लोराईडचं तपकिरी पाणी असतं, ज्याला बोलताना सगळे 'ॲसिड' म्हणतात. त्यातलं लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि तांबं विरघळून पाण्यात उतरतं. प्लॅस्टिक, मेण किंवा वाळलेला रंग यांच्याशी त्याची ही देवाणघेवाण होत नाही, म्हणून त्यांच्याखालचं तांबं सुखरूप राहतं.

ही युक्ती इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुनी आहे

सतराव्या शतकात रेम्ब्रांट तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा थर देऊन सुईने चित्र कोरायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. सुईने उघड्या पडलेल्या रेषा खाल्ल्या जायच्या, त्यांत शाई भरून छाप काढायचे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने डांबराच्या एका नैसर्गिक प्रकाराचा पातळ थर धातूवर दिला आणि त्यावर उजेड पाडला. उजेड लागला तिथे डांबर कडक झालं, उरलेलं लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघालं. जगातलं सर्वात जुनं टिकून राहिलेलं छायाचित्र असंच तयार झालं, आणि आजच्या फोटोरेझिस्टचा तो पूर्वजही आहे. पुढे व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लरने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील तारांचा रेडिओ बनवला. त्याने छपाईच्या धंद्यात काम केलेलं होतं. वायरींची जुळणी करण्याऐवजी त्या छापाव्यात, हे त्याला सुचलं यात मला तरी नवल वाटत नाही.

अळवावरचं पाणी दिसलं, तर थांबा

रेझिस्टला तीन गोष्टी जमाव्या लागतात. त्याने तांब्याला घट्ट धरावं, खाणाऱ्या पाण्यात टिकावं आणि काम झाल्यावर निघून यावं. घरी करणारे दुसऱ्या गोष्टीची फार काळजी करतात. खरं तर साधं नेलपेंटसुद्धा फेरिक क्लोराईडमध्ये आरामात टिकतं. माझ्या पाहण्यातले दहातले आठ बोर्ड फसले ते पहिल्या गोष्टीपायी.

भाचीच्या बोर्डाचं हेच झालं होतं. तिने तांबं घासलं होतं, पण घासल्यावर बोर्ड पालथा-उलथा करून अंगठ्याने चाचपून पाहिला होता. बोटाला तेल असतं. ते दोन्हीकडून दगा देतं. ठेवायच्या रेषेखाली असलं तर रेझिस्ट धरत नाही, आणि काढायच्या जागेवर असलं तर तिथलं तांबं डागासारखं उरतं. रंगपंचमीचं तेल चुकीच्या जागी लागलं, असं म्हणा.

म्हणून आधी ओल्या बारीक वॉटर पेपरने किंवा भांड्यांच्या हिरव्या घासणीने तांबं गोल गोल घासायचं. पितांबरी किंवा चिंचही चालते, कारण तांब्याचा काळपटपणा आंबटाने जातो. मात्र पावडरीचा कण राहू नये म्हणून नंतर भांडी धुण्याच्या साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मग एक चाचणी करायची. या सगळ्या उद्योगातली मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच. बोर्ड नळाखाली धरून तिरपा करा. पाण्याचा सलग पडदा पसरून राहिला तर तांबं स्वच्छ आहे. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब होऊन पळाले, तर अजून तेल आहे, पुन्हा घासा. कारखान्यांतही पृष्ठभागाची परीक्षा अशी पाण्याने घेतात. त्यानंतर बोर्ड फक्त कडांना धरायचा आणि उशीर न करता पुढच्या कामाला लागायचं.

गुळगुळीत चकाकीपेक्षा बारीक ओरखडे असलेलं तांबं चांगलं. भिंतीला गिलावा देण्याआधी टाचे मारतात, तसंच हे.

मार्कर, आणि त्याची हद्द

सर्वात सोपा रेझिस्ट म्हणजे पक्क्या शाईचा मार्कर. पण एका फटकाऱ्याचा थर पातळ असतो, त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. दोन थर द्या, मधे वाळू द्या. एखाद-दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटला एवढं पुरे आहे. चिपच्या दोन पायांमधून रेघ न्यायची झाली की हात थरथरतो, तिथे मार्करची हद्द संपते. काही जण तोच मार्कर थ्रीडी प्रिंटरच्या किंवा सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या कोरणी यंत्राच्या) डोक्याला बांधतात आणि यंत्राकडून रेघा ओढून घेतात. हात स्थिर होतो, शाईची मर्यादा मात्र तीच राहते.

झेरॉक्सची काळी पावडर आणि इस्त्री

घरगुती पद्धतींची राणी अजूनही टोनर ट्रान्सफर आहे, म्हणून इथे जरा थांबू. लेझर प्रिंटरमध्ये किंवा झेरॉक्स मशीनमध्ये जी काळी 'शाई' असते, ती मुळात टोनर नावाची प्लॅस्टिकची पूड असते. यंत्रातला गरम रोलर ती वितळवून कागदावर बसवतो. हेच प्लॅस्टिक पुन्हा वितळवून कागदावरून तांब्यावर उतरवायचं. इंकजेटची शाई पाण्यात मिसळलेला रंग असते, ती वितळत नाही, म्हणून इथे तिचा उपयोग नाही. भाचीच्या वर्गात दोघांनी इंकजेटच्या प्रिंटवर तासभर इस्त्री फिरवली होती, ती यामुळेच वाया गेली.

कागद कोणता? टोनर आनंदाने सोडून देईल असा. जुन्या रंगीत मासिकाचा गुळगुळीत कागद चालतो, कारण त्यावर चिकणमातीसारखा लेप असतो आणि तो पाण्यात सुटतो. ग्लॉसी फोटो पेपर वापरायचा तर लेझरवर चालणाराच घ्या. इंकजेटच्या काही फोटो पेपरांवरचा प्लॅस्टिक थर लेझर प्रिंटरच्या गरम रोलरवर वितळून चिकटतो. बाजारात यासाठीच मिळणाऱ्या पिवळ्या कागदावर निसटता थर असतो आणि तो थंड झाल्यावर नुसता सोलला तरी निघतो.

नक्षी उलटी की सुलटी, यात सगळे गोंधळतात. रबरी शिक्का आठवा. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात, तेव्हा कागदावर सुलटी उमटतात. तांब्यावर तुम्हाला जे सुलटं वाचायचं आहे, ते कागदावर उलटं हवं. नक्षीच्या कोपऱ्यात एखादं अक्षर टाकून ठेवलं, की छापण्याआधीच चूक कळते.

इस्त्री वाफेविना, सुती कपड्यांच्या खुणेवर. आधी बोर्ड गरम करा, मग कागद पालथा ठेवा आणि इस्त्री दाबून धरा. घसरू देऊ नका. कडांकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथे उष्णता लवकर निसटते. कमी तापलं तर टोनर कागदालाच राहतो. जास्त तापलं आणि जास्त दाबलं तर रेषा पसरट होऊन शेजारणीला भिडतात. यातला बरोबर मध्य पुस्तकातून सापडत नाही, दोन-तीन बोर्ड खर्ची पडतात. म्हणूनच बरेच जण इस्त्री सोडून लॅमिनेटर वापरतात. त्यात दाब आणि वेग दर वेळी सारखा राहतो. घरगुती लॅमिनेटर पुरेसा तापत नाही, म्हणून बोर्ड सात-आठ वेळा फिरवावा लागतो.

मग बोर्ड कोमट पाण्यात टाका, कागदाचा लगदा होऊ द्या आणि बोटाने हळू चोळून काढा. दोन रेषांमध्ये अडकलेले कागदाचे पांढरे तंतू जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर ते स्वतःच रेझिस्ट बनतात. टोनर पुडीचा असल्यामुळे मोठ्या काळ्या जागांमध्ये बारीक छिद्रं राहतात. ती मार्करने भरली की झालं. नीट जमलं तर ०.३ मिलिमीटरच्या रेषा भरवशाने येतात.

उष्णतेशिवायही एक प्रयोग चालतो. ॲसिटोन टोनरला विरघळवतं, अल्कोहोल विरघळवत नाही. दोन्ही मिसळलं, अल्कोहोल जास्त आणि ॲसिटोन कमी, की टोनर नुसता मऊ आणि चिकट होतो. हे मिश्रण तांब्यावर टाकून वर कागद ठेवायचा, दाबायचं आणि उडून जाऊ द्यायचं. कागद तापून आक्रसत नाही, त्यामुळे नक्षीची मापं तंतोतंत राहतात. दोन्ही द्रव चटकन पेट घेतात. खिडकी उघडी आणि गॅस बंद, ही इथली पहिली अट.

रेडियमवाल्याकडून आणि पत्रिकावाल्याकडून

तालुक्याच्या गावीही गाड्यांच्या नंबरप्लेटी करणारं रेडियमचं दुकान असतं. त्याचं कटिंग मशीन चिकट विनाइलमधून अक्षरं कापतं, तसेच ट्रॅकही कापून देईल. विनाइल तांब्यावर चिकटवलं की रेझिस्ट तयार. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली रेषा उचकटू लागतात, पण जाड रेषांच्या पॉवर सप्लायसाठी ही पद्धत झकास आहे. एक इशारा मात्र मनापासून देतो. असं विनाइल घरच्या लेझर मशीनवर कापू नका. ते बहुधा पीव्हीसी असतं आणि जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराईड हा दाहक वायू निघतो.

लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडेही हे काम होतं. ताणलेल्या बारीक जाळीतून शाई दाबून छापायची, रांगोळीच्या छाप्यासारखी. एकाच नक्षीचे वीस-पंचवीस बोर्ड हवे असतील तर याला तोड नाही. एकाच बोर्डासाठी जाळी तयार करणं परवडत नाही.

स्क्रीनगार्डसारखी फिल्म

टोनरवर हात बसला की पुढची पायरी ड्राय फिल्म. ही निळसर, पातळ आणि उजेडाला प्रतिसाद देणारी पट्टी असते. अतिनील किरण पडतात तिथे ती कडक होते, बाकीची धुऊन निघते. निएप्सच्या डांबराची ही नातवंडं. ड्यूपाँटने १९६८ मध्ये 'रिस्टन' नावाने ती बाजारात आणली आणि कारखान्यांचं कामच बदललं.

मोबाइलला स्क्रीनगार्ड लावलं असेल, तर निम्मं काम तुम्हाला येतंच. फिल्मच्या दोन्ही बाजूंना संरक्षक पापुद्रे असतात. आतला सोलायचा, स्वच्छ तांब्यावर थोडं पाणी मारून फिल्म एका कडेपासून बसवत न्यायची, बुडबुडे आणि पाणी बाहेर सारायचं आणि लॅमिनेटरमधून काढायची. हे सगळं पिवळ्या दिव्याखाली करा, खिडकीच्या उजेडात नको. वर पारदर्शक फिल्मवरची छापील नक्षी ठेवायची. तांबं हवं तिथे नक्षी पारदर्शक, नको तिथे काळी. काळं पुरेसं गडद नसेल तर दोन प्रिंट एकावर एक ठेवा. मग नखांच्या जेलसाठी मिळतो तो यूव्ही दिवा लावा.

किती वेळ? प्रत्येकाचा दिवा आणि फिल्म वेगळी, म्हणून एका तुकड्यावर पट्ट्या करून १०, २०, ३०, ४० सेकंद उजेड देऊन पाहा. पूर्वी डार्करूममध्ये फोटो धुणारे हेच करायचे. नंतर दुसरा पापुद्रा सोला आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोर्ड घाला, लिटरला १० ग्रॅम पुरे. हा खाण्याचा सोडा नव्हे. तो आंबट-गोड ढोकळ्यासाठी ठीक, इथे कमजोर पडतो. एचिंग झाल्यावर शेवटी कडक झालेली फिल्म काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी लागतं. ते त्वचा आणि डोळे भाजतं, तेव्हा हातमोजे आणि चष्म्याशिवाय झाकण उघडू नका.

या पद्धतीने ०.१५ मिलिमीटरच्या रेषा घरी येतात. हल्ली त्यावर एक देखणा प्रयोग चालतो. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरच्या तळाशी स्क्रीन असतो आणि तो ४०५ नॅनोमीटरचा जांभळा उजेड फेकतो. फिल्म लावलेला बोर्ड थेट त्या स्क्रीनवर पालथा ठेवायचा आणि नक्षी चित्र म्हणून दाखवायची. प्रिंट काढायला नको, पारदर्शक फिल्म नको. बऱ्याच यंत्रांत एक ठिपका ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बारकावा भरपूर. माझ्या मते येत्या काळात हौशी लोकांच्या हाती हीच पद्धत रुळेल.

दुसरा प्रयोग काळ्या स्प्रे पेंटचा. पूर्ण बोर्ड रंगवायचा आणि नको तिथला रंग छोट्या डायोड लेझरने जाळायचा. तांबं उष्णता झटकन पसरवून टाकतं, म्हणून त्याला काही होत नाही. अडचण उरते ती काजळीच्या पातळ थराची. तोही तांब्याला झाकतो, आणि हलक्या हाताने पुसला नाही तर ॲसिड तिथे पोचत नाही. लेझरचा उजेड चकचकीत तांब्यावरून उसळतो, त्यामुळे त्या लेझरसाठीचा चष्मा लावल्याशिवाय जवळ फिरकू नका. इंकजेट प्रिंटर खोलून थेट तांब्यावर छापणारेही आहेत. मात्र त्याला दाबाने थेंब सोडणारं डोकं आणि पिगमेंटची शाई लागते, आणि छापल्यावर बोर्ड भाजावा लागतो. एवढ्या खटाटोपानंतर मिळतं ते फिल्मइतकं सुबक नसतं.

"रेझिस्ट चांगला होता, तरी रेषा बारीक झाल्या"

ही तक्रार खरी आहे. नदी नुसती खाली खणत नाही, काठही पोखरते. ॲसिड तांब्यात उतरतं तसं रेझिस्टच्या कडेखाली आडवंही शिरतं. ३५ मायक्रॉन खोल जाईपर्यंत ते प्रत्येक बाजूने साधारण तेवढंच आत जाऊ शकतं. ०.२ मिलिमीटरच्या रेषेचे दोन्हीकडून ३५ मायक्रॉन गेले, तर तिचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून बोर्ड द्रावणात ठेवून चहाला जायचं नाही. द्रावण कोमट ठेवा, ट्रे हलवत राहा आणि शेवटचं तांबं गेलं की लगेच बाहेर काढा. जितका कमी वेळ, तितका काठ शाबूत.

"ऑनलाइन मागवला तर स्वस्त पडतो, मग हा व्याप कशाला?"

विकायच्या वस्तूसाठी किंवा चार थरांच्या बोर्डासाठी मागवाच. भोकांच्या आतून तांब्याचा मुलामा आणि हिरवा संरक्षक थर कारखान्याइतका चांगला घरी येत नाही. पण संध्याकाळी सुचलेलं सर्किट रात्री चालवून बघायचं असेल, चुकलं तर उद्या बदलायचं असेल, तर आठवडाभर कुरिअरची वाट पाहण्यात उमेद जाते. शिवाय पॅड का उखडतो, रेषा का तुटते, हे ज्याने स्वतःच्या हाताने पाहिलंय तो पुढे कारखान्यासाठी नक्षी आखताना वेगळाच विचार करतो. भाचीत हा फरक मला डोळ्यांनी दिसला.

"आणि ते उरलेलं पाणी?"

यावर बोलायला लोक टाळाटाळ करतात, म्हणून मी जोर देऊन सांगतो. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या जीवांना विषारी आहे. फेरिक क्लोराईड स्टीलचं सिंकही खातं आणि फरशीवर कायमचे डाग पाडतं. भांडी प्लॅस्टिकची किंवा काचेचीच वापरा. काही जण फेरिक क्लोराईडऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेलं द्रावण वापरतात. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही ठेवू नका, त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते. फेरिक क्लोराईड पुन्हा पुन्हा वापरता येतं, ते अगदीच मंदावलं की मग काढायचं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत जा, फेस यायचा थांबला की तांबं आणि लोह गाळ होऊन खाली बसतं. हा गाळ आणि वरचं पाणी वेगवेगळ्या लेबल लावलेल्या बरण्यांत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा पीसीबी बनवणाऱ्या एखाद्या युनिटमध्ये द्या. त्यांच्याकडे घातक कचरा पाठवायची सोय असते.

भाचीने दुसरा बोर्ड आमच्याच ओट्यावर केला. पाण्याचा पडदा सलग पसरेपर्यंत तिने तो चार वेळा घासला. रेषा अखंड आल्या, तेव्हा तिने लगेच ॲसिटोनचा कापूस उचलला. मी तिला थांबवलं. भोकं पाडून होईपर्यंत टोनर राहू दे, म्हटलं, उघडं तांबं आपल्या दमट हवेत दोन दिवसांत काळवंडतं. भोकं झाली, टोनर पुसला आणि तिने लगेच अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ ब्रशने वर लावली. आता सोल्डर करेपर्यंत तांबं तिच्याखाली सुरक्षित आहे.